पाण्यात पडलं की पोहता येत नाही

मराठीत एक म्हण सर्रास वापरली जाते : 'पाण्यात पडलं की पोहता येतं.' नोकरीच्या पहिल्या दिवशी मुलाला, सासरी निघालेल्या मुलीला, पहिल्यांदा भाषणाला उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्याला आपण हेच सांगतो. उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवताना मीही ती फळ्यावर लिहिते आणि वाक्यात उपयोग करायला लावते. नोकरीला, संसाराला, भाषणाला ती लागू पडत असेल. खुद्द पाण्याला मात्र ती लागू पडत नाही. न शिकता पाण्यात पडलेला माणूस बुडतो.

आपल्या मुसलमान घरांत याच्या उलट टोकाचं एक वाक्य चालतं : 'पानी के पास नहीं जाना.' माझं माहेर भोरचं. गावाजवळच वेळवंडी नदीवर भाटघरचं धरण आहे, इंग्रजांच्या काळातलं, लॉईड धरण या नावाचं. जवळजवळ साडेतेवीस टीएमसी पाणी मावतं त्यात. उन्हाळ्यात पाणी उतरलं की एरवी बुडालेलं कांबरेश्वराचं जुनं मंदिर उघडं पडतं आणि लोक ते बघायला जातात. एवढ्या पाण्याच्या शेजारी वाढून आमच्या मोहल्ल्यातल्या एकाही मुलीला पोहता येत नव्हतं. मुलं घरच्यांची नजर चुकवून विहिरीत उड्या मारायची आणि एकमेकांकडून शिकायची. मुलींनी नदीवर जायचं ते कपडे धुवायला, आणि तेही मोठ्या बाईबरोबर.

ही दोन वाक्यं एकमेकांच्या विरुद्ध वाटतात. माझ्या मते ती सख्खी भावंडं आहेत. एक म्हणतं, शिकायची गरज नाही, आपोआप येईल. दुसरं म्हणतं, शिकायची गरज नाही, कारण जायचंच नाही. शिकणं दोन्हीकडून गळतं. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही कुटुंबासह पानशेतच्या जलाशयात रात्रीच्या कयाक फेरीला गेलो. तिथून आल्यापासून हा विषय डोक्यातून जात नाही, म्हणून लिहिते आहे.

आधी काही तारखा आठवू या. १ फेब्रुवारी २०१६ला पुण्याच्या आबेदा इनामदार कॉलेजची सहल मुरूडच्या किनाऱ्यावर गेली होती. १४ विद्यार्थी समुद्रात बुडून गेले, त्यात मुली जास्त होत्या. त्या आठवड्यात पुण्यातल्या आमच्या वस्त्यांमध्ये दुसरा विषय नव्हता. १९ मे २०२२ला आमच्या भोर तालुक्यातच, भाटघर जलाशयात नऱ्हे गावाजवळ, एकाच नात्यातल्या पाच तरुण बायका बुडाल्या. १८ जानेवारी २०२४ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. ३० जून २०२४ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात हडपसर भागातल्या एका मुसलमान कुटुंबातली एक बाई आणि चार मुलं वाहून गेली. एकमेकांना घट्ट धरून प्रवाहाच्या मधोमध उभ्या असलेल्या त्या माणसांचा व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिला. मी तो एकदाच पाहू शकले.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात ३८ हजारांहून जास्त माणसं बुडून मेली. म्हणजे रोज शंभराच्या वर.

वरच्या घटनांमध्ये धर्म वेगळे, गावं वेगळी, पाणीही वेगळं. कुठे समुद्र, कुठे धरण, कुठे शहरातला तलाव, कुठे डोंगरावरून येणारा लोंढा. या पाण्यांची माहिती असलेला आणि ज्याचं ऐकावंच लागेल असा माणूस त्या क्षणी त्यांच्या सोबत नव्हता, किंवा असून त्याने आपलं काम केलं नाही, एवढं मात्र मला सगळीकडे सारखं दिसतं.

प्रत्येक वेळी आपण यावर एकच उपाय केला. बंदी. मुरूडनंतर सहलींवर कडक अटी आल्या, हमीपत्रं आली, आणि समुद्र, नदी, धरण हे शब्द सहलीच्या अर्जातून गायब झाले. भुशीनंतर मावळ, मुळशी, भोर, वेल्हे अशा तालुक्यांत प्रतिबंधात्मक आदेश निघाले. आदेश काढणाऱ्यांना मी दोष देत नाही. माणसं मरत असताना तातडीने काहीतरी करावंच लागतं. पण मी ज्या शाळांत शिकवलं तिथल्या एकाही बैठकीत 'मुलांना पाण्याविषयी काय शिकवायचं' हा विषय निघालेला मला आठवत नाही. आणि ज्या मुलांना आपण सहलीत पाण्यापासून दूर ठेवलं, तीच मुलं मे महिन्यात चुलतभावंडांबरोबर रिक्षात, टेम्पोत बसून धरणावर जातात. तिथे ना मास्तर असतो ना हमीपत्र.

आता त्या रात्रीबद्दल. मागणी लेकीची होती. ती नववीत आहे, मुलगा सहावीत. मैत्रिणीने सांगितलं म्हणून तिने हट्ट धरला, तिच्या अब्बांनी चौकशी केली आणि नावं नोंदवली. भोरहून अम्मी आमच्याकडे आल्या होत्या, त्याही निघाल्या. 'मैं किनारे पे बैठके तस्बीह पढूँगी, तुम लोग डूबो,' असं म्हणत गाडीत बसल्या. खडकवासल्याचा जलाशय उजवीकडे ठेवत, पानशेत मागे टाकत आम्ही पोहोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं.

मला वाटलं होतं, पैसे घेतील, बोटीत बसवतील आणि फोटो काढतील. पहिला तास कोणी बोटीला हातही लावू दिला नाही. प्रत्येकाला वय, वजन, दमा, फिट, हृदयाचा त्रास आणि पोहता येतं का, हे विचारून वहीत लिहिलं. दारू प्यायलेल्याला पाण्यात नेणार नाही आणि त्याचे पैसेही परत मिळणार नाहीत, हे सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितलं. मग लाइफ जॅकेटं. मुलांची वेगळी, मोठ्यांची वेगळी. पट्टे आवळल्यावर गाइड प्रत्येकाच्या मागे उभा राहून जॅकेट खांद्याला धरून वर ओढायचा. ते कानापर्यंत सरकलं तर पट्टे परत आवळायचे. सैल जॅकेट पाण्यात वर जातं आणि माणूस खाली राहतो, हे त्याने एका वाक्यात सांगितलं. मुलाचं जॅकेट तीनदा बदललं. प्रत्येकाच्या जॅकेटला एक शिट्टी बांधलेली होती.

मग उजेड असतानाच आम्हाला कंबरभर पाण्यात नेलं आणि पाठीवर सोडून द्यायला सांगितलं. मान मागे, पाय सैल, डोळे आभाळाकडे. वयाच्या चाळिशीत माझं शरीर पहिल्यांदा पाण्यावर तरंगलं. ते शब्दांत मांडणं मला जमणार नाही. एवढंच सांगते की आयुष्यभर ज्याची भीती घातली गेली ते पाणी मला धरून ठेवत होतं, आणि माझ्या शेजारी माझी लेक हसत होती. त्यानंतर कयाक उलटली तर काय करायचं ते शिकवलं : बोट सोडायची नाही, पोहत किनारा गाठायला जायचं नाही, वल्हं हातात ठेवायचं, शिट्टी तीनदा फुंकायची आणि थांबायचं. मुलांकडून हे दोनदा वदवून घेतलं. शिक्षक म्हणून सांगते, पाठ चांगला झाला. आधी सांगितलं, मग करून दाखवलं, मग करून घेतलं, आणि चुकलं तिथे हसू न करता पुन्हा करायला लावलं. बीएडला पाठ निरीक्षणाला येणाऱ्या आमच्या मॅडमनी चांगले गुण दिले असते.

मगरिबची वेळ झाली. मी आणि यांनी किनाऱ्यावर चटई अंथरली. निघायला दहा मिनिटं उशीर झाला. गाइड म्हणाला, 'ताई, तुमचं होऊ द्या, तोवर मी दिवे बांधतो.' यात कसलं मोठेपण नव्हतं. त्याला काम होतं, आम्हाला नमाज होती, दोन्ही उरकलं.

अंधार पडल्यावर आठ कयाक निघाल्या. प्रत्येकीत दोन माणसं, पाठीमागे एक छोटा दिवा. पुढे एक गाइड, शेवटी एक, आणि तिसरा मधून फिरणारा. त्यातले दोघे जलाशयाकाठच्या गावांतले. प्रत्येक कयाकला नंबर दिलेला. दर काही मिनिटांनी पुढचा गाइड 'मोजणी' म्हणून ओरडायचा आणि एक, दोन, तीन असे आवाज पाण्यावरून मागे मागे जायचे. साधारण अर्ध्या वाटेवर सात नंबरचा आवाज आला नाही. क्षणात शिट्टी वाजली. सगळ्यांना वल्ही आडवी ठेवून शेजारच्या कयाकला धरून राहायला सांगितलं. कोणी बोलेना. दोन-तीन मिनिटांत मधला गाइड त्यांना घेऊन आला. फोटो काढायला ते दोघे काठाकडे वळले होते आणि दिवा झाकला गेला होता. काहीच झालं नव्हतं. पण त्या दोन-तीन मिनिटांत मला कळलं की वाचवणं म्हणजे बुडणाऱ्याला केस धरून बाहेर काढणं नव्हे, वाचवण्याचं काम त्याच्या कितीतरी आधी सुरू होतं. शाळेत आम्ही दिवसातून दोनदा हजेरी घेतो. चार भिंतींच्या आत, जिथून कोणी वाहून जात नाही तिथे. पाण्याच्या काठावर आपण कुटुंबं घेऊन जातो तेव्हा हजेरी कोण घेतं?

मी गाइडला विचारलं, रात्रीच का? तो म्हणाला, 'दिवसा लोक ऐकत नाहीत ताई. रात्री ऐकतात.' अमावास्येच्या आसपासचे दिवस, त्यामुळे आभाळ गच्च भरलेलं होतं. पश्चिमेला अभिजित आणि श्रवण. पूर्वेला कृत्तिका वर आल्या होत्या, आणि आम्ही परत फिरलो तेव्हा डोंगरामागून रोहिणी निघाली. माझ्यातली मास्तरीण गप्प बसेना. मुलांना सांगितलं, कृत्तिकांना अरबीत आणि उर्दूत सुरैया म्हणतात. आमच्या मोहल्ल्यात दर दोन घरांमागे एक सुरैया सापडेल, पण आपल्या नावाचे तारे पाहिलेली एखादीच. रोहिणीला अरबीत दबरान म्हणतात, म्हणजे मागून येणारा, सुरैयाच्या मागोमाग येतो म्हणून. इंग्रजीतलं अल्डेबरान तिथूनच आलं. जमिनीच्या आणि समुद्राच्या अंधारात वाट सापडावी म्हणून तारे केले, असा कुरआनातल्या सूरह अल-अनआममध्ये उल्लेख आहे. शहरातल्या दिव्यांखाली तो अर्थ वाचून कळतो. त्या पाण्यावर तो डोळ्यांना दिसला.

परतताना मधल्या गाइडने पाण्याकडे बोट दाखवून सांगितलं, 'आमच्या आजोबांची भातखाचरं इथं खाली आहेत.' पानशेतचं धरण १२ जुलै १९६१ला फुटलं आणि पुणं बुडालं, हे पुण्यातल्या प्रत्येक घरात सांगितलं जातं. धरण पुन्हा बांधलं गेलं, आज त्यात साडेदहा टीएमसीच्या वर पाणी साठतं आणि ते माझ्या पुण्यातल्या नळाला येतं. या पाण्याखाली ज्यांची शेतं गेली, त्यांच्या नातवाच्या हातात आज माझ्या मुलांचा जीव होता, आणि तो त्याने नीट सांभाळला.

घरी आल्यावर नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो गेले आणि अपेक्षेप्रमाणे प्रश्न आले. ते प्रश्न मी टाळणार नाही, कारण ते विचारणारी माणसं माझी आहेत आणि त्यांना काळजी आहे.

पहिला प्रश्न, 'जीव अल्लाहच्या हातात आहे, मग धोक्यात का घालायचा?' तिर्मिजीतली हदीस आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. उंट बांधायचा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवायचा. पाण्याच्या बाबतीत आपण अर्धीच हदीस पाळतो. एक तर उंट घरातून बाहेर काढत नाही, किंवा मोकळा सोडून तवक्कुलची भाषा करतो. जॅकेटचा पट्टा आवळणं म्हणजे उंट बांधणं. त्यानंतरचा भरवसा खरा.

दुसरा प्रश्न, 'बायका-मुलींनी कशाला?' याला उत्तर म्हणून मी हजरत उम्मे हराम (रजि.) यांचं नाव घेते. आपल्या उम्मतीतली माणसं समुद्रावरून जाताना स्वप्नात दिसली, असं पैगंबर (स.) यांनी त्यांच्या घरी सांगितलं, तेव्हा 'मीही त्यांच्यात असावी अशी दुआ करा' अशी विनंती त्यांनी केली. पुढे त्या समुद्रमार्गे सायप्रसला गेल्या आणि तिथेच वारल्या. त्यांची कबर आजही लार्नाका शहराजवळ दाखवली जाते. त्यांनी परतीची हमी मागितली नव्हती, सोबत जाण्याची दुआ मागितली होती. हजरत उमर (रजि.) यांच्या नावाने सांगितलं जाणारं वचन तर मशिदीत कितीदा ऐकलं आहे, मुलांना पोहणं, तिरंदाजी आणि घोडेस्वारी शिकवा. ते ऐकून किती बापांनी मुलाला पोहायला घातलं? आणि मुलीला?

पाणी आपल्याला परकं आहे, असंही नाही. कोकणातले दालदी मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करत आले. ज्या शिवाजी महाराजांची राजधानी पानशेतच्याच तालुक्यात राजगडावर होती, त्यांच्या आरमारात दौलतखान होता. कोळी बांधव बोटीच्या मालकाला नाखवा म्हणतात, तो शब्द फारसीतल्या नाखुदावरून आला. दर्यावर्दी, खलाशी, बंदर हे शब्दही त्याच वाटेने मराठीत आले आणि मराठीच झाले. भाषेत आपण अजून पाण्यात आहोत, देशावरच्या आपल्या मोहल्ल्यांतून मात्र पाण्याबाहेर पडलो.

तिसरा प्रश्न कपड्यांचा. तो बायकांनी खासगीत विचारला. मी बुरखा गाडीत ठेवला होता. अंगात पूर्ण बाह्यांचा कुर्ता, पायाशी घट्ट सलवार, आणि पिना न लागणारा शिवलेला हिजाब. लेकीने ट्रॅक पँट आणि पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घातला. वर जॅकेट. यात पडदा कुठे मोडला ते मला कोणी दाखवावं. गाइडचा नियम सगळ्यांना एकच होता : पायात अडकेल, गळ्याभोवती गुंडाळेल, भिजून जड होईल असं काही नको. त्याने एका काकूंना साडी बदलायला लावली आणि एका मुलाला जीन्स. ओली साडी आणि ओला बुरखा पाण्यात सारखाच जड होतो. पोहायला, पाण्यात उतरायला योग्य आणि अंग झाकणारे कपडे आता मिळतात, शिवूनही घेता येतात. कपड्याची अडचण खरी आहे, पण ती शिंपी सोडवू शकतो. तिच्यासाठी मुलीचा जीव अडवून ठेवू नये.

चौथा प्रश्न पैशांचा, आणि तो मला सगळ्यांत जास्त टोचतो. चौघांचे मिळून सहा हजारांच्या आसपास गेले. 'इसराफ नहीं तो क्या है?' असं एका चुलत्यांनी लिहिलं. शादीच्या एका जेवणात उष्ट्या ताटांतून याहून जास्त फेकलं जातं, हे उत्तर तयार होतं, पण ते मी दिलं नाही. कारण त्यांच्या प्रश्नाच्या पोटात दुसरा खरा प्रश्न आहे. आम्ही पैसे दिले म्हणून आम्हाला नीट बसणारं जॅकेट, मोजणी, शिट्टी आणि तीन गाइड मिळाले. ज्यांच्याकडे सहा हजार नाहीत त्यांच्यासाठी तेच धरण फुकट आहे, आणि तिथे काठावर यातलं काहीच नाही. भाटघरला, भुशीला गेलेली माणसं काही वेगळं मागायला गेली नव्हती. उन्हाळ्यात, पावसाळ्यात एक दिवस मुलांना पाणी दाखवावं, एवढंच. सुरक्षित पाणी विकत घेणाऱ्यांचं आणि मरणाचं पाणी गरिबाचं, अशी वाटणी आपल्या डोळ्यांदेखत होते आहे. रात्रीच्या कयाक फेऱ्यांचं कौतुक करून मला थांबता येत नाही ते यासाठी.

म्हणून काही गोष्टी सुचवते. त्यांतल्या बऱ्याचशा फुकट आहेत.

शाळांसाठी. तलाव नसला तरी पाण्याचा पाठ मैदानावर घेता येतो. बुडणाऱ्याकडे हात घेऊन धावायचं नाही, हे प्रत्येक मुलाला कळलं पाहिजे. एक घसरला, दुसरा त्याला धरायला गेला, तिसरा दुसऱ्याला, अशीच घरंच्या घरं जातात. ओरडा, काठी द्या, दोरी फेका, ओढणी फेका, झाकण घट्ट लावलेला रिकामा पाण्याचा कॅन फेका, पण स्वतः उतरू नका. दोरी आणि रिकामा कॅन घेऊन हा पाठ पीटीच्या एका तासात होतो. मी दिवाळीनंतर माझ्या वर्गात घेतला. मुलींनी फेकलेला कॅन मुलांपेक्षा लांब गेला. संयुक्त राष्ट्रांनी २०२१पासून २५ जुलै हा बुडण्यापासून बचावाचा दिवस म्हणून ठरवला आहे. आपल्याकडे तो ऐन पावसाळ्यात येतो. शाळांनी तो पाळायला याहून योग्य वेळ कोणती?

जमातींसाठी आणि मशिदींसाठी. मे महिन्याच्या पहिल्या जुम्म्याला आणि पावसाळ्याच्या पहिल्या जुम्म्याला खुतब्याआधीच्या बयानात पाच मिनिटं पाण्यावर बोला. मोहल्ल्यातल्या संस्था मोफत शिलाई वर्ग आणि संगणक वर्ग चालवतात, त्यांनी मुलींच्या पोहण्याच्या शिकवणीची फी भरावी. अनेक तरणतलावांवर बायकांसाठी वेगळी वेळ असते आणि शिकवायला बाईच असते. पंधरा-वीस मुली एकत्र आल्या तर वेळ मागूनही घेता येते. कब्रस्तानासाठी आपण निधी जमवतो. त्यातली एखादी कबर टळावी म्हणूनही जमवावा.

सरकारसाठी. राज्याने २०२१मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं आणि असे उपक्रम चालवणाऱ्यांना नोंदणी बंधनकारक केली. चांगलं केलं. पण नोंदणी विकणाऱ्याची झाली. न विकत घेणाऱ्याचं काय? भाटघर, नीरा देवघर, पानशेत, वरसगाव, गुंजवणी या जलाशयांच्या काठी माणसं वर्षानुवर्षं ज्या ठराविक जागी उतरतात, त्या स्थानिकांना पाठ आहेत. तिथे 'पाण्यात उतरू नये' या पाटीच्या शेजारी एक फेकायची दोरी आणि एक तरंगती रिंग टांगा. सुट्टीच्या दिवशी गावातल्याच दोन प्रशिक्षित पोरांना मानधन देऊन बसवा. ज्यांची खाचरं पाण्याखाली गेली त्यांच्या घरात चार पैसे जातील आणि शहरातली पोरं घरी परत येतील.

आणि तुमच्या-माझ्यासारख्या आई-बापांसाठी. अशा फेरीला जायचं असेल तर पैसे भरण्याआधी फोनवर पाच गोष्टी विचारा. नोंदणी आहे का? माझ्या मुलाच्या मापाचं जॅकेट आहे का? किती माणसांमागे किती गाइड? पाण्यावर मोजणी कशी घेता? वारा सुटला तर फेरी रद्द करून पैसे परत कराल का? उत्तर देताना समोरचा वैतागला तर फोन ठेवा आणि पैसे वाचवा. जो खरा असेल त्याला हे प्रश्न आवडतात.

अम्मींचं सांगायचं राहिलं. काठावरच्या शेकोटीपाशी गावातल्या एका आजींबरोबर त्यांनी सगळा वेळ गप्पा मारल्या. दोघींचं एकमत झालं की आजकालच्या पोरांना अक्कल नाही. परतताना गाडीत मात्र त्यांनी नातीला विचारलं, 'मेरे नाप का जॅकेट होता क्या?' होतं. मीच विचारून ठेवलं होतं. अम्मी अडुसष्ट वर्षांच्या आहेत, आणि या सुट्टीत त्यांना निदान कंबरभर पाण्यात पाठीवर तरंगवायचं, असं नातीने ठरवलं आहे. ती सध्या आठवड्यातून तीनदा पोहायला जाते. ग्रुपवर प्रश्न विचारणाऱ्या दोन भाभींच्या मुलीही आता तिच्याबरोबर जातात. आपल्या गल्लीतून कोणाला पाठवायचं असेल तर शाळा सुटण्याची वाट पाहू नका, उन्हाळ्यात तलावावर गर्दी होते. नावं आत्ताच द्या.